‘हिला घेते मी’: लढाईत परक्या घरी गेलेली मुलं आणि तिथलं भूत

मागच्या महिन्यात या सदरात दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं लंडनमधून खेड्यापाड्यांत पाठवलेल्या मुलांबद्दल जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हा एकच विषय घेतेय. बहुतेकांना अशा मुलांच्या गोष्टींतल्या भुताबद्दलच विचारायचंय आणि मला ते आवडलं, कारण या मुलांपर्यंत पोचायची ती खरोखर चांगली वाट आहे.

प्रश्न : ताई, मी सांगलीचा. बँकेत नोकरी करतो आणि दरवर्षी एका दिवाळी अंकाला भयकथा पाठवतो. या वेळची कथा इंग्लंडमधली आहे. १९४० चा हिवाळा, लंडनवर बॉम्ब पडतायत म्हणून आठ मुलं आणि त्यांच्या बाई टेकडीवरच्या एका जुन्या वाड्यात राहायला येतात. तिथं आधीच्या मालकिणीचं भूत आहे, तिचं मूल लहानपणी गेलेलं, आणि ती या मुलांमधलं एकेक ओढून न्यायला बघते. संपादक म्हणाले वातावरण जमलंय पण भीती वाटत नाही. काय चुकतंय? तपशीलही बघा, गाडीवाला रस्त्यावरची पाटी वाचून वळतो, लांबून वाड्याच्या खिडक्यांत उजेड दिसतो, आणि शेवटी मध्यरात्री चर्चची घंटा वाजते.

उत्तर : आधी तपशील, कारण तुमच्या तिन्ही गोष्टी त्या हिवाळ्यात होऊच शकत नव्हत्या, आणि त्यातच तुमची भीती दडलीय. ब्लॅकआउट, म्हणजे रात्री घराबाहेर उजेड दिसू न देण्याचा हुकूम, १ सप्टेंबर १९३९ पासून लागू झाला होता, खिडकीला जाड काळा पडदा, फटीतून रेघभर उजेड बाहेर आला तरी वॉर्डन दार ठोठावायचा आणि दंड व्हायचा. म्हणजे वाडा लांबून दिसणारच नाही, अगदी दारात जाऊन उभं राहीपर्यंत समोर नुसता काळोख. रस्त्यांवरच्या पाट्या १९४० च्या उन्हाळ्यात काढून टाकल्या होत्या, जर्मन उतरलेच तर त्यांना वाट सापडू नये म्हणून, त्यामुळे तुमचा गाडीवाला चुकणार आणि मुलांना आपण कुठे आहोत हे शेवटपर्यंत कळणार नाही. आणि घंटा! जून १९४० पासून चर्चच्या घंटा बंद होत्या, शत्रू उतरला तरच वाजवायच्या असा हुकूम होता. तेव्हा तुमची घंटा ठेवाच, पण ती वाजल्यावर गावातली माणसं भुताला घाबरणार नाहीत, ती कुदळी आणि बंदुका घेऊन बाहेर धावतील, आणि त्या गडबडीत वाड्यात मुलं एकटी राहतील. बघा आता कसं वाटतंय.

पण संपादक म्हणतायत ती अडचण वेगळी आहे. तुमची भीती वाड्यात सुरू होते. खरी भीती त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, भर दुपारी, गावच्या हॉलमध्ये.

तो हॉल डोळ्यासमोर आणा. शुक्रवार १ सप्टेंबर १९३९, अजून युद्ध जाहीर व्हायला दोन दिवस आहेत, आणि सकाळपासून शाळाच्या शाळा रांगेनं स्टेशनकडे निघाल्यात. प्रत्येक मुलाच्या कोटाला दोरीनं बांधलेलं लेबल, त्यावर नाव आणि शाळा, खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा खोका आणि हातात एखादी पिशवी किंवा छोटी सुटकेस. कुठे चाललोय ते मुलांना माहीत नाही, आयांनाही माहीत नाही, पोचल्यावर मुलानं घरी एक पोस्टकार्ड टाकायचं तेव्हा आईला पत्ता कळणार. पहिल्या तीन दिवसांत जवळपास १५ लाख माणसं अशी हलवली, त्यात सव्वाआठ लाख शाळकरी मुलं होती आणि त्यांच्यासोबत एक लाखावर शिक्षक आणि मदतनीस. गाडीत तासन् तास काढून, भुकेली, काहींचे कपडे ओले झालेले, अशी ती मुलं एखाद्या अनोळखी गावच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी राहायची आणि गावातले लोक समोरून बघत बघत जायचे, आपण मंडईत वांगी निवडतो ना तसं. शेतकऱ्याला धट्टाकट्टा मुलगा हवा असायचा, कुणाला घरकामाला मदत होईल अशी जरा मोठी मुलगी. आणि बोट करून म्हणायचे, हिला घेते मी. भावाबहिणींच्या जोड्या मागे राहायच्या कारण दोघांना एकदम घ्यायला घरात जागा नसे, आणि आईनं तर निघताना बजावलेलं असायचं की धाकट्याचा हात सोडू नकोस. ज्यांना कुणीच घेतलं नाही त्यांना घेऊन अधिकारी अंधारात दारोदार फिरायचे. घरात जागा असून नाही म्हटलं तर कायद्यानं दंड होता. मूल ठेवणाऱ्या घराला सरकारकडून एकच मूल घेतलं तर आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळायचे, एकाहून जास्त मुलं घेतली तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स.

आता तुमची मालकीण रात्री जिन्याच्या वर उभी राहते आणि आठांतल्या सगळ्यात धाकट्या मुलीकडे बोट करून म्हणते, हिला घेते मी. बास. एवढंच म्हणू दे तिला. ती मुलगी किंचाळणारसुद्धा नाही, कारण हे वाक्य तिनं दिवसाउजेडी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, त्या वेळी तिच्या बाईंनी मान डोलावलेली आणि एका माणसानं वहीत टिक केलेली, म्हणून ती आज्ञाधारकपणे आपली पिशवी उचलेल आणि जिना चढायला लागेल. मला लिहितानाच काटा आला.

आवाजही त्या देशाचे वापरा, कुत्र्यांचं रडणं आपल्याकडचं झालं. तिथल्या जुन्या घरांच्या ओकच्या तुळयांत एक किडा असतो, तो जोडीदाराला बोलवायला लाकडावर डोकं आपटतो, टकटकटक, थोडा थांबतो, परत टकटकटक. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवताना तो ऐकू यायचा म्हणून लोक म्हणायचे आता मरण जवळ आलं. पण तो टकटकतो वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तुमची कथा हिवाळ्यातली, तेव्हा तुमच्यासाठी कोल्हीण बरी. ऐन थंडीत, जानेवारीच्या आसपास, कोल्हीण नराला बोलवताना जी ओरडते ती थेट मूल किंचाळल्यासारखी. खेड्यातल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, लंडनच्या गल्लीतल्या मुलानं ते जन्मात ऐकलेलं नसतं. शिवाय वाड्याच्या तळघरात नोकरांना बोलवायच्या घंटांची रांग असायची, प्रत्येक खोलीची एक, भिंतीतून गेलेल्या तारेला बांधलेली. नोकरमाणसं लढाईवर गेलेली, खोल्या बंद, सामानावर पांढऱ्या चादरी, आणि उंदरानं तार हलवली की वरच्या रिकाम्या खोलीची घंटा वाजते. तळघरात एकटा मुलगा बटाटे सोलत बसलाय आणि डोक्यावरची घंटा नुसती एकदा किणकिणते, एवढ्यावर एक अख्खं पान होईल तुमचं.

प्रश्न : मोठाल्या वाड्यांत मुलांना ठेवलं होतं हे खरं की फक्त गोष्टींत? आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून वाद झाला. – पुण्याहून एक वाचक

उत्तर : खरं आहे, पण बहुतेक मुलांच्या वाट्याला वाडा आला नाही. मजुरांच्या दोन खोल्यांची घरं, परसात संडास, हेच जास्त. वाड्यात गेल्या त्या आख्ख्या शाळा किंवा अगदी लहान मुलांच्या नर्सरी. बकिंगहॅमशायरमधल्या वॉडेस्डनला, रॉथशिल्ड घराण्याच्या वाड्यात, क्रॉयडनहून आलेली पाच वर्षांखालची शंभरेक बाळं होती. डर्बिशायरमधल्या चॅट्सवर्थ या एका ड्यूकच्या वाड्यात वेल्समधली पेनऱ्होस ही मुलींची शाळा राहिली. त्या बॉम्बला घाबरून नव्हत्या आल्या, त्यांची शाळेची इमारत सरकारनं अन्नखात्याच्या कचेरीसाठी घेतली होती, आणि ड्यूकचा हिशोब असा की घर सैनिकांच्या ताब्यात जाण्यापेक्षा शाळेच्या मुली बऱ्या. राजेरजवाड्यांसाठी सजवलेल्या दालनांत लोखंडी खाटांच्या रांगा लागल्या. मुली १९४६ पर्यंत तिथं होत्या. त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, इतक्या मुली बंद दालनांत झोपायच्या की त्यांच्या श्वासाचा दमटपणा धरून काही चित्रांच्या मागे बुरशी आली. झोपलेल्या मुलींचा श्वास त्या भिंतींवर उतरला होता! सांगलीकरांनो, वाचताय ना?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. अशीच एक गोष्ट ऐकून तो रात्री झोपेना, आणि मग विचारत बसला की त्या मुलांना खरंच भूत दिसायचं का आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं. मी काय सांगू त्याला? – ठाणे

उत्तर : मुलानं फार चांगला प्रश्न विचारलाय, विशेषतः दुसरा अर्धा. कुणाला सांगितलं. बऱ्याच मुलांनी कुणालाच नाही सांगितलं, सांगायला ओळखीचं माणूसच नव्हतं.

मी सात वर्षांची असताना आई आजारी म्हणून मला दोन महिने कोकणात मामाकडे ठेवलं होतं. मोठं घर, वर माडी, रात्री वीज नाही. पहाटे पहाटे बाहेरून एक लांब कण्हल्यासारखा आवाज यायचा, कर्रर, मग थांबायचा, मग परत कर्रर. मी रोज गोधडी डोक्यावरून घेऊन पडून राहायचे आणि आई मेली असेल तिचाच आवाज असेल असं मनात यायचं, आणि विचारलं तर ते खरं होईल म्हणून मी विचारायचे नाही. तो विहिरीवरच्या रहाटाचा आवाज होता. मामी चार वाजता उठून पाणी ओढायची. मला हे कळलं सोळाव्या दिवशी, आणि कळलं कारण मामीनं एकदा नीट जवळ बसून विचारलं की बाय, तू रात्रीची झोपतेस की नाही? बाकी कुणी विचारलंच नव्हतं.

त्या मुलांचं असंच झालं असणार, फक्त कितीतरी पटीनं मोठं. लंडनच्या पूर्वेकडच्या गरीब वस्तीत चार भावंडं एका पलंगावर झोपायची सवय, इथं एकटं, अंधारात, गावाची शांतता कानात घुमतेय. कितीतरी मुलं अंथरूण ओलं करायला लागली, इतकी की घरमालकिणींच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि डॉक्टरांना त्यात लक्ष घालावं लागलं. जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या तिघा डॉक्टरांनी डिसेंबर १९३९ मध्येच ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून बजावलं होतं की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून तोडू नका, त्यात मोठा धोका आहे. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अॅना फ्रॉइड आणि डॉरथी बर्लिंगहॅम लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये लढाईतल्या मुलांसाठी नर्सरी चालवत होत्या, त्यांनाही दिसलं की आई जवळ असेल तर मूल बॉम्बच्या आवाजातही बऱ्यापैकी सावरतं, आई नसेल तर सुरक्षित जागीही कोमेजतं.

आयांचाही धीर सुटत होता. बॉम्ब काही पडेनात म्हणून पहिल्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुलं घरी परत आणली गेली. तेव्हा सरकारनं एक पोस्टर काढलं, त्यात झाडाखाली मुलांजवळ आई बसलीय, लांब लंडन दिसतंय, आणि तिच्या मागून धुरकट भुतासारखा हिटलर कानात पुटपुटतोय, परत ने त्यांना, परत ने. म्हणजे मूल जवळ असावं असं आईला वाटणं हेच त्यांनी भूत म्हणून रंगवलं. मुलं परत आली आणि ७ सप्टेंबर १९४० ला लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला, ५७ रात्री ओळीनं. सरकारचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही, आणि त्या आयांचंही नाही.

मुलाला सांगा की भूत दिसायचं की नाही हे आपल्याला माहीत नाही, पण त्यांना भीती वाटायची हे नक्की, आणि तुला वाटली की तू मला उठवायचंस, कितीही वाजले असले तरी.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या बोटीवर गेल्या. काही मुलांना तेव्हा समुद्रापारही पाठवत होते असं ऐकलंय, त्यात बनारस नावाचं जहाज होतं म्हणतात. – रत्नागिरी

उत्तर : हो, ‘सिटी ऑफ बनारस’. लिव्हरपूलहून कॅनडाला निघालं होतं, त्यावर सरकारी योजनेतली ९० मुलं होती. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री वादळात जर्मन पाणबुडीनं ते बुडवलं. ९० पैकी ७७ मुलं गेली आणि ती समुद्रापारची योजना तिथंच बंद पडली. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपल्या देशातले होते, आणि त्यांच्यातलेही फार गेले. १२ नंबरची बोट आठ दिवस अटलांटिकवर भरकटत होती, तिच्यात ४६ जण, बहुसंख्य आपले खलाशी, आणि सहा मुलगे. त्या मुलग्यांसोबत असलेली मेरी कॉर्निश ही पियानो शिकवणारी बाई रोज थोडी थोडी गोष्ट रचून त्यांना सांगायची, पुढचं उद्या म्हणायची, म्हणजे मुलं उद्यापर्यंत तग धरतील. पाणी घोटघोट मिळत होतं. विमानाला बोट दिसली आणि ते सहाही मुलगे वाचले. तुमच्या घरात त्या काळातले कुणाचे कागद, बोटीचा दाखला, फोटो असतील तर जपून ठेवा हो. त्या बोटीतल्या मुलांच्या आठवणी छापल्या गेल्या, आपल्या खलाशांचं मात्र फार थोडं लिहिलं गेलंय.

प्रश्न : आमच्या वळिवड्यात पोलंडची मुलं होती. ती पण याच प्रकारातली का? – कोल्हापूर

उत्तर : लांबून सारखी वाटतात पण त्यांची कहाणी जास्त कठीण आहे. इंग्रज मुलाला परत जायला घर होतं, निदान निघताना तरी. वळिवड्याची मुलं आधी घरातून उचलली गेली होती. १९४० आणि ४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सरकारनं त्यांना आईबापांसकट सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं, तिथं भूक आणि आजारानं कितीतरी गेले, मग जे उरले ते १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यातले काही आपल्याकडे आले. जामनगरजवळ बालाचडीला तिथले महाराजा जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी मुलांसाठी छावणी उभारली. वळिवड्याची छावणी १९४३ ते ४८, साधारण पाच हजार पोलिश माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं. तिथं शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. जुना वाडा नाही, सरळ रांगेत बांधलेल्या नव्या बराकी, ज्यांत आधी कुणी राहिलेलंच नव्हतं. भूत यायचं तर त्या मुलांबरोबरच यायला हवं, सायबेरियातून, रेल्वेच्या डब्यातून. कोल्हापुरात त्यांच्यातल्या काहींच्या कबरी आहेत, एकदा जाऊन या. आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीतलं असेल, त्यांनी ती मुलं डोळ्यांनी पाहिली असतील, तर आजच बसून विचारा.

प्रश्न : अशा कथेचा शेवट कुठे करायचा? भूत गेलं की संपली असं वाटत नाही. – कॉलेजची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बरोबर वाटतंय तुला. भूत हवं तिथं जाऊ दे, कथा स्टेशनवर ने. जून १९४५ मध्ये लंडनची मुलं मोठ्या संख्येनं परत आली. पाचव्या वर्षी गेलेली मुलगी आता अकराची होत आलीय, बोलण्यात खेड्याचा हेल आलाय, आईची लंडनची बोली तिला नीट कळत नाही. काहींना न्यायला कुणीच आलं नाही, हेही खरं आहे. पण हिची आई आलीय असं धर. फलाटावर दोघी समोरासमोर उभ्या आहेत, आणि आई तिच्या कोटाकडे बघतेय, लेबल शोधतेय.